भोपळ्याला फुलं येतात, मग फळ का धरत नाही?



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मृग तोंडावर आलेला असेल. परसबागेचं बी कुणी डब्यात, कुणी राखेत घोळून मडक्यात, कुणी जुन्या लुगड्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेलं असेल. यंदा बी टोकायच्या आधी एक विषय तुमच्याशी बोलायचा आहे. त्याची सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागेल.

मागच्या पावसाळ्यात एका गटातल्या ताईंनी मला त्यांचा भोपळ्याचा वेल दाखवायला नेलं. वेल कसला, पार गोठ्याच्या पत्र्यावर चढून पसरलेला. पिवळीधमक फुलं. पण भोपळा एकही नाही. बोटाच्या पेराएवढं फळ दिसायचं, चार दिवसांत पिवळं पडायचं आणि गळून जायचं. "मॅडम, काय करू?" असं त्यांनी विचारलं. मी समाजकार्य शिकले आहे, शेतकी नाही. पण वहीपेन हातात घेऊन उभं असताना "मला माहीत नाही" म्हणायला जीभ वळेना. म्हणाले, "खत कमी पडत असेल, एखादं टॉनिक मारून बघा."

ताईंनी गटातून 500 रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. दुकानदाराने टॉनिकबरोबर किडीचं औषधही दिलं आणि सांगितलं, दोन्ही मिसळून सकाळी सकाळी मारा. त्यांनी तसंच केलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या हप्ता भरायला आल्या तेव्हा वेलावर पानंच पानं होती, फळ नव्हतंच. शेजारच्या एक आजी बैठकीला नुसत्याच येऊन बसतात, त्या म्हणाल्या, "पोरी, त्या फुलावर कधी माशी बसल्याली बघितलीस का गं?"

नव्हती बघितली. दुसऱ्या दिवशी मी मुक्काम केला आणि पहाटे आजींबरोबर वेलाखाली पोतं टाकून बसले. तासभरात फुलावर मुंग्या आल्या, एक बारकी माशी घिरटी घालून गेली, बस्स. मधमाशी एकही नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या लग्नाच्या वेळी भोपळ्याच्या फुलात हात घालायला भीती वाटायची, इतक्या माशा असायच्या.

मी ताईंचे पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "त्यापरीस जे कळलंय ते समद्या बायांना सांगा." म्हणून हा लेख.

नर फूल, मादी फूल

भोपळा, काकडी, कारली, दोडका, दुधी, घोसाळी या सगळ्या वेलांवर दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फुलाच्या खाली नुसता लांब देठ असतो. मादी फुलाच्या खाली इवलंसं फळ आधीपासून असतं, बारीक भोपळा किंवा बारीक काकडीच. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, ती गळतात आणि आपण घाबरतो. ते गळणं ठीक आहे, त्यांचं काम तेवढंच. काळजी कधी करायची? मादी फूल येऊन गेलं आणि त्याच्या खालचं फळ पिवळं पडून गळलं तेव्हा.

नर फुलातले पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर पोचले तरच फळ धरतं. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते कुणीतरी अंगाला लावून न्यावे लागतात. आणि चार-दोन कणांनी भागत नाही, शेकडो कण लागतात, म्हणजे एका मादी फुलावर माशीच्या पुष्कळ फेऱ्या व्हायला हव्यात. त्यात भोपळ्याचं फूल एकच सकाळ उघडं असतं. उन्हं चढली की मिटतं ते कायमचं. त्या दोन-चार तासांत माशी आली नाही तर ते फळ गेलं.

पराग अर्धेच पोचले तर फळ धरतं, पण एका बाजूने फुगतं आणि दुसऱ्या बाजूने चिमटं राहतं. बाजारात आपली वाकडी काकडी बाजूला काढतात ना, त्याचं हे एक कारण. पण प्रत्येक वाकडी काकडी माशी न आल्यामुळे होते असं समजू नका. फळमाशीने टोचलं तरी फळ वाकडं होतं. त्यावर टोचल्याची खूण दिसते, चिरली तर आत अळ्या निघतात. पाण्याचा ताण पडला तरी फळ गळतं. म्हणून आधी बघायचं, मग ठरवायचं. माझ्यासारखं उलटं करू नका.

येतं तरी कोण?

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या मोहोळ आठवतं. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला लोंबकळणारं एकच मोठं पोळं. ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाखाली एक नाही, शेजारी शेजारी अशी बरीच पोळी लावते ती सातेरी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी, अंगाने अगदी लहान. या तिन्ही आपल्या इथल्याच. पेट्यांमधून ठेवतात ती मेलिफेरा मात्र बाहेरून आणलेली.

पण माशा एवढ्याच नाहीत. जगात माशांच्या 20,000 च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं करतच नाहीत, मधही साठवत नाहीत. एकट्या राहतात. काळाकुट्ट मोठा भुंगा तुम्ही सगळ्यांनी बघितला आहे, जुन्या वाशाला गोल भोक पाडतो तो. पोटावर निळे पट्टे असलेली, एका जागी न थांबता फुलांमधून सुसाट जाणारी एक माशी असते. वांग्याच्या फुलाला या दोघांचीच गरज आहे. वांग्याचे पराग मिठाच्या डबीसारखे बंद असतात, टोकाला नुसतं बारीक भोक. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर सांडतात. फुलावर जोरात भुणभुण ऐकू येते ती तीच. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. वांगं थोडंफार स्वतःचं स्वतः धरतं, पण भुंगा आला की जास्त धरतं.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखं नीट गोल कापलेलं दिसलं तर औषध मारायला धावू नका. ती पानं कापणारी माशी आहे. पानाचे तुकडे नेऊन ती पिल्लांसाठी घर करते. तुरीच्या फुलावर हीच माशी सारखी दिसते. चार पानांचे तुकडे हे तिचं भाडं समजा. भिंतीच्या कोपऱ्यात मातीची गाडगी लिंपणारी कुंभारीण तर आपल्या ओळखीची. ती आपल्या भाजीवरच्या अळ्या उचलून नेते. तिचं घर झाडूने पाडू नका, एवढं माझं ऐका.

आता एक मला फार आवडलेली गोष्ट. सगळ्या वेलांची फुलं सकाळीच उमलतात असं नाही. भोपळा, काकडी, कारली, घोसाळी सकाळची. दुधी, दोडका आणि पडवळ मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीचं फूल पांढरं का? अंधारात दिसावं म्हणून. त्यावर रात्री पतंग येतात. परसात रात्रभर मोठा दिवा लावून ठेवला तर पतंग दिव्याभोवती फिरत राहतात आणि फुलं राहून जातात. दुधीचा मांडव असेल तिथला दिवा झोपताना बंद करा. बिलही वाचेल.

ज्या गटांच्या घरी कांद्याचं बी धरतात त्यांच्यासाठी हा विषय परसबागेपुरता नाही. डेंगळ्यांच्या बोंडांवर माशा फिरल्या नाहीत तर बोंड दिसायला मोठं आणि चोळल्यावर हातात फोलपट. बियाणाचा भाव तुम्हाला मी सांगायला नको.

काय लावायचं?

माशीला आपल्यासारखंच वर्षभर खायला लागतं. आपला भोपळा तिला पंधरा-वीस सकाळी खाऊ घालील. बाकीचे महिने? वर्षभर काही ना काही फुललेलं असलं, तरच माशा आपल्या आसपास राहतील आणि भोपळा फुलल्यावर येतील. बांधावर, ओढ्याकाठी हे आपोआप होत होतं. आता बांध नांगरून बारीक झाले, उरलेल्यावर औषध, म्हणून परसात मुद्दाम करावं लागतं.

यासाठी नर्सरीत पैसे घालवू नका. तुळशीपासून सुरुवात करा. मंजिऱ्या आल्या की आपण खुडतो, त्याने तुळस वाढते हे खरंच आहे. पण माशीला त्या मंजिऱ्याच हव्यात. म्हणून वृंदावनातल्या तुळशीच्या खुडा, आणि परसात चार-पाच रोपं वेगळी लावून त्यांच्या मंजिऱ्यांना हात लावू नका. दहा वाजता जाऊन बघा किती येतात. एका गटातल्या सासूबाईंना हे पटलं नव्हतं, तुळस अशी वाढू देऊ नये म्हणाल्या. आता त्याच नातवाला तिथे नेऊन माशा दाखवतात.

कुंपणाला काटेरी तार लावण्यापेक्षा निर्गुडी, अडुळसा आणि कोरांटी लावा. निर्गुडी फांदी खोचली तरी लागते, शेळी तिला तोंड लावत नाही, आणि निळी फुलं बराच काळ असतात. कोरांटी पावसाळा सरताना फुलते. अडुळसा खोकल्याला उपयोगी आहेच. मागच्या बाजूला जागा असेल तर शेवगा, कढीपत्ता आणि बोर. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं तेव्हा कडुनिंब, करंज आणि जांभळाला मोहोर असतो. गावात ही झाडं आहेत तोवर माशा आहेत. शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत झाड लावायचं ठरेल तेव्हा ग्रामसंघाने या तिघांची नावं सुचवावीत, आणि बहाव्याचंही. गुलमोहर, निलगिरी, सप्तपर्णीची रांग पुष्कळ झाली.

भर पावसाचे दिवस माशांचे उपासाचे. फुलं भिजतात, बाहेर पडता येत नाही. तेव्हा वाफ्याच्या कडेने तीळ पेरा. तीळ आपल्या मातीतलाच आहे, फुलांवर माशी तुटून पडते आणि संक्रांतीला घरचा तीळ होतो. कारळे मूळचे परदेशातले, पण इथे पिढ्यान्पिढ्या पेरतात, तेही चालतील. तसंच कोथिंबीर, शेपू, मेथी, मुळा. सगळी जुडी उपटून विकू नका. प्रत्येक वाफ्यातली पाच-सहा रोपं फुलावर जाऊ द्या. माशांना जेवण आणि पुढच्या वर्षीचं बी आपलंच. भाजी निवडताना ती पाच रोपं सोडून द्यायला मन घट्ट करावं लागतं, हे मला एका ताईंनी सांगितलं. खरं आहे.

टाकळा, कुर्डू, आघाडा यांना तण म्हणून काढून टाकण्याआधी थोडं थांबा. टाकळा-कुर्डूची आपण भाजी करतो, आघाडा गणपतीच्या पत्रीत लागतो. एक कोपरा त्यांना द्या. रुईचं झुडूप काढू नका, तिच्या फुलांवर भुंगे येतात आणि पानांवर केशरी फुलपाखराची अळी वाढते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तीही फुलपाखराचीच. 2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे काळं-निळं मोठं फुलपाखरू राज्य फुलपाखरू ठरवलं, त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्यांनी काही बिघडत नाही. रोप लहान असेल तर उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

घाणेरी आणि गाजरगवत मात्र ठेवू नका. त्यांच्या फुलांवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती बाहेरून आलेली आहेत आणि आपल्या सगळ्या झाडोऱ्याला दाबून टाकतात.

माशांचं घर

एकट्या राहणाऱ्या बहुतेक माशा जमिनीत बिळं करतात. आपण अंगण सारवतो, पुढे कोबा करतो, मागे फरशी टाकतो. स्वच्छता हवीच. पण परसाच्या एका टोकाला, जिथे पाणी साचत नाही आणि सकाळचं ऊन येतं, तिथली दोन हात जागा उघडी, न खणलेली ठेवा. दुसरं म्हणजे बांबूचे किंवा बोरूचे वीतभर तुकडे, एका बाजूला पेर बंद, दुसऱ्या बाजूला उघडं. वीस-पंचवीस तुकड्यांची मोळी बांधून पावसाची झड लागणार नाही अशी वळचणीला आडवी टांगा. काही दिवसांनी एखाद्या तोंडाला मातीचं नाहीतर पानाचं बूच दिसलं, की कुणीतरी राहायला आलं.

उन्हाळ्यात पाणी. फुटक्या माठाचं खापर घ्या, त्यात खडे टाका आणि खडे अर्धे वर राहतील एवढंच पाणी. नुसत्या भांड्यात माशा बुडून मरतात. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होईल.

बांधावर औषध मारायचं कोण ठरवतं?

खरी अडचण इथे आहे. परसबाग आपली, पण शेतातली फवारणी आपण ठरवत नाही. मागच्या वर्षी त्या ताईंच्या घराभोवतालच्या बांधांवर जूनमध्येच तणनाशक मारलेलं होतं. एकही फूल शिल्लक नव्हतं. भोपळ्याच्या फुलांपर्यंत यायला माशा मुळात आसपास हव्यात ना. त्यात आम्ही सकाळी फुलावर किडीचं औषध मारलं. जी एखादी माशी येत असेल तिलाही.

घरात हे बोलायचं कसं, याचा अनुभव गटांकडून ऐकला तो सांगते. "माशा मरतात" म्हटलं की घरात हसतात. "डेंगळ्याला बी भरत नाही" म्हटलं की ऐकतात. सूर्यफूल, डाळिंब, कांदा बी, कलिंगड यातलं काही शेतात असेल तर बोलणं तिथूनच सुरू करा. सगळं बंद करा असं म्हणायची गरज नाही. तीन गोष्टी मागा. पीक फुलात असताना फवारायचं नाही. फवारायची वेळ आलीच तर दिवस मावळताना, माशा परतल्यावर. आणि बांधावर तणनाशकाऐवजी विळा, तोही फुलं येऊन गेल्यावर, निदान एका बाजूचा बांध आळीपाळीने सोडून. बांध कापायला मजुरी लागते हे मला माहीत आहे, आणि ते कापणं पुन्हा आपल्याच वाट्याला येतं हेही. तुमच्या गटात हे काम वाटून घेता येतं का, बोलून बघा. ते गवत जनावरांना होतं, तणनाशकाचं वाळलेलं होत नाही.

औषधाच्या बाटलीवर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लिहिलेलं असेल तर जास्त जपा. ही औषधं झाडात भिनतात आणि फुलातल्या मधात, परागातही उतरतात. परसात ती नकोच. निंबोळी अर्क, दशपर्णी चालेल, पण तेही संध्याकाळी आणि उमललेल्या फुलावर नाही.

माशीपेटीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, ते बातम्यांत बघितल्यापासून जास्तच. पेटी चांगली आहे, खादी ग्रामोद्योग मंडळाचं प्रशिक्षणही मिळतं. पण आजूबाजूला वर्षभर फुलं नसतील तर पेटीतल्या माशा निघून जातात आणि कर्ज मागे राहतं. आधी फुलं, मग पेटी.

आणि माशी चावली तर? एकट्या माशा सहसा चावत नाहीत, पकडलं तरच. आग्या मोहोळाला मात्र दगड, धूर, जाळ काही करू नका, मुलांना लांब ठेवा. मधमाशी चावली तर नांगी नखाने खरवडून लगेच काढा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना.

यंदाच्या भोपळ्याचं काय?

हे सगळं जमायला एक-दोन वर्षं जातील. तोवर हाताने काम करा. सकाळी लवकर, नऊच्या आत, ताजं उमललेलं नर फूल तोडा. पाकळ्या काढून टाका, मधली पिवळी दांडी राहू द्या. ती मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच फिरवा. दोन-तीन नर फुलं वापरली तर आणखी बरं. दोडका आणि दुधीला हेच संध्याकाळी. त्या ताईंनी सप्टेंबरात उरलेल्या मादी फुलांवर असं केलं. चार भोपळे धरले. एक त्यांनी मला दिला, बाकीचे बाजारात गेले आणि कर्जाचे पैसे फिटले.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीत बियांची देवाणघेवाण ठेवली आहे. येताना आपल्याकडचा गावठी भोपळा, दोडका, तीळ, शेपू, जे असेल त्याचं मूठभर बी कागदाच्या पुडीत आणा आणि पुडीवर नाव आणि गाव लिहा. निर्गुडीच्या फांद्या ज्यांच्या बांधावर आहेत त्यांनी वीतभराचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणावेत. आजी बांबूचे तुकडे कसे कापायचे ते दाखवणार आहेत, विळा त्यांचा त्या आणतील.